दुर्कसचे अंगरखे

मराठी ख्रिस्ती घरात आजी गेली की दोन दिवसांत एक छोटा मजकूर तयार होतो. वर फोटो, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख, 'प्रभूमध्ये निद्रिस्त', आणि मग विशेषणं: प्रेमळ, प्रार्थनाशील, मनमिळाऊ, मंडळीच्या कार्यात सदैव अग्रेसर. दफनविधीच्या उपदेशात पाळकसाहेब हीच विशेषणं जरा पसरून सांगतात. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो, महिला मंडळ एक गीत गातं, आणि चहा होऊन लोक पांगतात. यातलं काहीच खोटं नसतं. पण हाच मजकूर शेजारच्या आजीच्या फोटोखाली छापला तरी एकही शब्द बदलावा लागत नाही. गंमत म्हणजे जो अध्याय हमखास वाचला जातो, त्यात विशेषणं फारशी नाहीतच. तिथे लोकर आहे, चाती आहे, शेताचा सौदा आहे, विकायला काढलेले कमरपट्टे आहेत आणि रात्री न विझणारा दिवा आहे. ती कामाची यादी आहे. आपण यादी मोठ्याने वाचतो आणि खाली बसताना 'किती सद्गुणी होत्या' एवढंच म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की चर्चच्या सेवेत आयुष्य काढलेल्या आजीची आठवण तिच्या स्वभावाने ठेवू नये, कामाने ठेवावी. आणि काम म्हणताना ते किती, कुठलं, कोणासाठी, किती वर्षं, हे सांगावं. हा केवळ शोकसंदेशाच्या भाषेचा प्रश्न नाही. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास आपल्याला किती कळतो आणि किती निसटतो, हे त्यावर ठरतं.

ख्रिस्ती परंपरेत आजी आठवायच्या तीन तऱ्हा फार जुन्या आहेत. पहिली सांत आनाची. येशूची आजी म्हणून तिचा मान मोठा, पण बायबलमध्ये तिच्याबद्दल एक अक्षरही नाही. तिची कथा नंतरच्या, बायबलबाहेरच्या ग्रंथांतून आली. तरीही गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला तिच्या नावाचं भव्य चर्च उभं राहिलं, आणि तिथल्या जुलैमधल्या फेस्ताला लोक अजून तवशी वाहतात आणि मूल मागतात. माणसांना आजी हवीच असते, ठाऊक नसली तरी रचून घेतात, हे त्यावरून दिसतं. कॅथलिक चर्चने २०२१पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखला, तोही सांत आनाच्या सणाच्या आसपासचाच. दुसरी तऱ्हा लोईसची. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच्या आजीचा नावाने उल्लेख करतो: विश्वास आधी लोईसमध्ये होता, मग आई युनीकेमध्ये, मग तुझ्यात. नव्या करारात 'आजी' हा शब्द येतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. नाव मिळालं, नातं मिळालं, पण ती दिवसभर काय करत होती ते मिळालं नाही.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत पटते. 'प्रेषितांची कृत्ये'च्या नवव्या अध्यायात यापो गावातली टबीथा मरते. ग्रीकमध्ये तिचंच नाव दुर्कस. ती आजी होती की नाही हे लेखकाने सांगितलेलं नाही, आणि तिचे गुणही त्याने एका वाक्यात उरकले आहेत. बायका तिला न्हाऊ घालून माडीवर ठेवतात. पेत्र येतो, तेव्हा तिथे जमलेल्या विधवा रडत रडत त्याला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे. मूळ क्रियापदाच्या रूपावरून काही भाष्यकार असं म्हणतात की त्या बायका अंगावर घातलेलेच कपडे दाखवत असाव्यात. म्हणजे श्रद्धांजली अंगावर होती. ख्रिस्ती मंडळीतल्या एका स्वयंसेविकेचं हे बहुधा सगळ्यांत जुनं स्मरण, आणि ते टाक्यांचं, शिवणीचं आणि मापाचं आहे. पुढे ती जिवंत होते हा चमत्काराचा भाग. पण त्याआधी माडीवर जे घडलं त्याला चमत्कार लागला नाही, शिवणकाम पुरलं.

आता मराठी मंडळीकडे या. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एका टक्क्याहूनही किंचित कमी. शहरातली काही मोठी चर्चेस सोडली तर गावोगावच्या मंडळ्यांना पगारी माणसं ठेवणं परवडत नाही. एका पाळकाकडे अनेकदा चार-पाच गावं असतात. मग दर रविवारी दार उघडतं कसं? प्रभुभोजनाचा एकच रविवार जवळून पाहा. आदल्या संध्याकाळी पांढरा टेबलक्लॉथ नीळ घालून, वाळवून, इस्त्री करून तयार असतो. भाकरीचे बारीक चौकोनी तुकडे पडतात. द्राक्षरस गाळला जातो. बोटभर उंचीचे काचेचे प्याले ट्रेमधल्या खाचांत एकेक करून बसवले जातात, आणि विधी आटोपल्यावर ते गरम पाण्यात विसळून, मऊ फडक्याने आतून पुसून, पालथे घालून, मोजून पुन्हा खोक्यात जातात. हे बहुधा कोणा एकाच बाईच्या हातचं असतं, आणि कपाटाची किल्लीही तिच्याच कनवटीला. ऐंशी सभासदांची मंडळी धरली आणि महिन्यातून एक प्रभुभोजन, तर तीस वर्षांत अठ्ठावीस हजार आठशे प्याले होतात. आजाऱ्यांच्या घरभेटी, शब्बाथ शाळा, घरोघरच्या प्रार्थनासभा, नाताळच्या फराळाच्या करंज्या, मयताच्या घरी पहिला चहा आणि बाळंतिणीला डबा हे सगळं त्याहून वेगळं. 'मंडळीच्या कार्यात अग्रेसर' या शब्दांत हे अठ्ठावीस हजार प्याले कुठे बुडाले ते शोधूनही सापडत नाही.

हे बुडणं आजचं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१पासून अहमदनगरला ठाण मांडून बसले. त्यांच्या आणि इतर मिशनांच्या वार्षिक अहवालांत तक्ते असत: उपदेशक किती, शिक्षक किती, शाळा किती, आणि एका रकान्यात 'बायबल बाया' किती. या बाया बहुतेक प्रौढ, पुष्कळशा विधवा. पुरुष उपदेशकाला जिथे उंबऱ्याबाहेर थांबावं लागे तिथे त्या चुलीपर्यंत जात, वाचून दाखवत, अक्षरं शिकवत, मूल आजारी असेल तर औषध सांगत. त्यांना तुटपुंजा का होईना पगार होता, म्हणून निदान रकाना तरी मिळाला. ज्या आज्या पगाराशिवाय हेच करत राहिल्या त्यांना तोही मिळाला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. दुष्काळांनंतर तिथे मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्यांच्यापैकीच काहींनी छापखाना चालवला: उलटी अक्षरं वाचत खिळे जुळवले, पानं छापली, घड्या घालून पुस्तकं बांधली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, ग्रंथ १९२४मध्ये बाहेर आला. रमाबाईंचं नाव योग्यच म्हणून राहिलं. खिळे जुळवणाऱ्या बोटांची नावं मात्र सहज कोणाला सांगता येत नाहीत.

उलट जिथे तपशील टिकला तिथे काय होतं याचं मराठीतलं उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८मध्ये जन्म, मिठासकट सगळं धुवून घरात घेणाऱ्या कडक सोवळ्यातल्या वडिलांचं घर, अकराव्या वर्षी लग्न. पती नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, पाचेक वर्षांनी लक्ष्मीबाईंनी. त्यानंतरचं त्यांचं घर म्हणजे अर्धं वसतिगृहच होतं. अनाथ पोरं, विद्यार्थी, आलागेला, सगळ्यांची ताटं एकाच स्वयंपाकघरातून वाढली जात. शाळा अशी त्यांनी पाहिलीच नव्हती, तरी टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायन' या काव्याचे ६४ अध्याय वैधव्यात, उतारवयात त्यांनी रचले. आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४मध्ये आला. या सगळ्याचं श्रेय प्रतिभेला देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण ते पुस्तक उरलं यामागे घरातल्या माणसांचा हट्टही आहे. मुलगा देवदत्त यांनी त्यांना लिहितं ठेवलं आणि १९३६मध्ये त्या गेल्यावर उरलेला भाग प्रसिद्ध केला. पुढे नातू अशोक टिळकांनी आजीच्या पुस्तकाची टिपांसह संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. म्हणून आज शांता गोखल्यांच्या २०१७च्या इंग्रजी अनुवादातूनही त्यांची चूल, भांडणं, फजित्या आणि पंगती दिसतात. 'प्रार्थनाशील आणि प्रेमळ' एवढ्यावर त्या घराने समाधान मानलं असतं तर आपल्या हाती रेव्हरंड टिळकांच्या पत्नी एवढंच उरलं असतं.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई असामान्य होत्या, गावच्या आजीचं असं काय लिहिणार? या शंकेला मिझोराममध्ये चांगलं उत्तर आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १९१०च्या सुमारास एक रीत सुरू झाली: स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाईने दर वेळी एक मूठ वेगळी ठेवायची. महिला मंडळाच्या बाया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, मोजतात, विकतात, आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. 'बुहफाय थाम' या नावाने ही रीत शंभराहून अधिक वर्षं चालू आहे आणि आज त्यातून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. मूठ तर आपल्याकडच्या बायकांचीही तेवढीच. फरक इतकाच की तिथे ती मापात पडली आणि वहीत चढली. एकदा वहीत चढल्यावर कोणी असं म्हणू शकत नाही की चर्च मोठ्या देणगीदारांवर चाललं.

दुसरं उदाहरण रशियाचं, आणि तिथे प्रश्न पैशाचा नव्हता, जिवाचा होता. १९२९च्या सोव्हिएत कायद्याने चर्च चालवायचं तर किमान वीस प्रौढ नागरिकांनी सह्या करून जबाबदारी घ्यायची अट घातली. पाळक तुरुंगात, नोकरदार माणसं नोकरी जाईल म्हणून गप्प. मग सह्यांना पुढे कोण येणार? ज्यांचं सरकार फारसं काही काढून घेऊ शकत नव्हतं अशा म्हाताऱ्या बायका. नास्तिकतेच्या प्रचारकांचा हिशेब साधा होता, या बाबुश्का मरतील आणि धर्म त्यांच्याबरोबर संपेल. जानेवारी १९३७च्या जनगणनेत धर्माबद्दल थेट प्रश्न होता. चर्चेस धडाधड बंद होत असतानाही सोळा वर्षांवरच्या सुमारे ५७ टक्के लोकांनी आपण आस्तिक आहोत असं सांगितलं. ती जनगणनाच सरकारने दडपली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. पुढची पन्नास वर्षं जुन्या बाबुश्का मरत राहिल्या आणि त्यांच्या सुना-लेकी म्हाताऱ्या होऊन त्याच जागी उभ्या राहिल्या. विश्वास मनात ठेवायला धैर्य लागतं, कबूल. पण चर्च उघडं राहिलं ते सहीमुळे, आणि सही ही नोंद आहे.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप खुद्द शुभवर्तमानातून येतो. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये अशी शिकवण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. मग प्याले मोजून छापणं म्हणजे आजीच्या नम्रतेचा अपमानच नव्हे का? मला तसं वाटत नाही. ती आज्ञा देणाऱ्याला आहे. घेणाऱ्याने, पाहणाऱ्याने गप्प बसावं असं तिथे म्हटलेलं नाही. मार्काच्या चौदाव्या अध्यायात एक बाई अलाबास्त्र दगडाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. भोवतालचे काही जण कुरकुरतात. येशू मात्र म्हणतो की जगात जिथे सुवार्ता सांगितली जाईल तिथे हिने केलेलंही सांगितलं जाईल. आणि मार्काने काय टिपून ठेवलं बघा: कुपी, तेलाचा प्रकार, आणि किंमत, तीनशे दिनारांहून जास्त, म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. बाईचं नाव तेवढं लिहायचं राहिलं. ज्या ग्रंथाला तेलाची किंमत लिहायला संकोच वाटला नाही, त्याच्या वाचकांनी टेबलक्लॉथच्या नोंदीने लाजू नये.

दुसरा आक्षेप भावनेचा. सेवेला 'काम' म्हटलं की ती स्वस्त होते, प्रेमाचा हिशेब मांडला की प्रेम उरत नाही. यात 'काम' या शब्दाबद्दलचा जुना गैरसमज आहे, जणू काम म्हणजे पगाराचंच. जगभरच्या श्रम-संख्याशास्त्रज्ञांनी २०१३च्या जिनिव्हा परिषदेत स्वयंसेवेला कामाचाच एक प्रकार म्हणून मान्यता दिली, पगार असो वा नसो. आपल्या सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. हे आकडे आल्याने कोणा आईची माया कमी झाल्याचं ऐकिवात नाही. घरातल्या पाच तासांवर चर्चचे तास चढवणाऱ्या बाईचं प्रेम उलट आकड्यानेच कळतं. विशेषणाने ते फक्त ऐकू येतं.

तिसरा आक्षेप मला खरा अडवतो, आणि तो आजच्या तरुण ख्रिस्ती मुलींचा आहे. आजीच्या सेवेचे गोडवे गाणं म्हणजे तिला व्यासपीठापासून लांब ठेवणाऱ्या व्यवस्थेला फुलं वाहणं, असं त्यांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. उत्तर भारतातल्या सहा चर्चेसचं एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात स्थापन झालं. दक्षिणेतलं भावंड चर्च १९४७मधलं, तिथे पहिली स्त्री बिशप व्हायला २०१३ उजाडलं. मधल्या काळात प्याले कोण पुसत होतं हे सांगायला नको. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक प्रार्थना दिनाला, बऱ्याच चर्चेसमध्ये बायका वेदीपाशी उभ्या राहून उपासना चालवतात, आणि रविवारी पुन्हा आपल्या बाजूच्या बाकांवर जाऊन बसतात. पण या आक्षेपाचं औषध विस्मरण नाही. नुसती स्तुती ही व्यवस्था झाकते, नोंद ती उघडी पाडते. तीस वर्षं किल्ली जिच्याकडे होती ती पंच मंडळावर एकदाही का नव्हती, हा प्रश्न किल्लीची नोंद असेल तरच विचारता येतो. आणि आजीकडे केवळ राबवून घेतलेली बाई म्हणून पाहिलं, तर तिने स्वतः काय उभं केलं तेही आपण पुसून टाकतो. इंग्लंडमध्ये १८७६ साली मेरी समनर या बाईंनी मदर्स युनियन सुरू केली ती पहिलं नातवंड झाल्यावर. लेकीला पाहून स्वतःच्या बाळंतपणानंतरची धांदल आठवली आणि त्यांनी गावातल्या बाया गोळा केल्या. ती संघटना पुढे जगभर पसरली. आजीपण ही तिथे निवृत्ती नव्हती, कामाची सुरुवात होती.

कोणाला वाटेल, हे ख्रिस्ती लोकांचं घरगुती प्रकरण, दिवाळी अंकात कशाला? वारीत दिंडीच्या मुक्कामी शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या म्हाताऱ्या, देवळाच्या पारावर रोज सडा घालणाऱ्या, यांचं तरी वेगळं काय आहे? त्यांच्याबद्दलही 'फार भाविक होत्या' यापुढे आपण जात नाही. पण त्यांचा समाज संख्येने मोठा आहे. एक आठवण बुडाली तरी दहा उरतात. एक टक्क्याच्या आतल्या समाजाला ही चैन परवडत नाही. मिशनचे अहवाल परदेशात, जुनी कुटुंबं पांगलेली, 'ज्ञानोदया'सारख्या १८४२पासूनच्या नियतकालिकांचे जुने अंक मोजक्या कपाटांत. मराठी ख्रिस्ती माणसाचा सत्तर वर्षांपूर्वीचा रविवार कसा होता हे सांगणारं जिवंत साधन म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या बायका.

प्रत्येक मंडळीत तीन नोंदवह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची. लग्नाची तर १८७२च्या कायद्याने ठेवावीच लागते. आपल्या आजीचं नाव या तिन्हींत एकेकदा येतं आणि मधली साठ वर्षं कोरी राहतात. दोनशे पानी चौथी वही कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. येत्या नाताळच्या आधी, करंज्या तळायला बाया जमतील त्या दुपारी, ती घेऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा: कपाटाची किल्ली तुमच्याकडे कधीपासून आहे?